स्वतंत्र माणसाचं गाऱ्हाणं

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.२०
नवीन डायरी. शाळेला वह्या पुरवणाऱ्याने दिली. हेडमास्तरांना दोन, मला एक. यंदा रागवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून रागावलो नाही. पण लक्षात ठेवलंय.

पहिल्या पानावर माहिती भरली. नाव: जितेंद्र. वय: ४४. नोकरी: सीनियर क्लार्क, हायस्कूल, मालवण. विवाहित की अविवाहित: अविवाहित, स्वेच्छेने. अपघात झाल्यास कोणास कळवावे: दीपिका, बहीण. मग वाटलं, स्वतंत्र माणसाला हे शोभत नाही. खोडलं. 'स्वतः' लिहिलं.

संकल्प. रोज सकाळी समुद्रावर एक तास चालणे. आज उशीर झाला. स्वतःचा चहा स्वतः करणे. आज दीपिकाने आधीच आणून ठेवला होता, तो काय ओतून टाकणार? उद्यापासून.

९ जानेवारी
चालणं अजून सुरू नाही. वारा फार.

दीपिकाबद्दल एकदा नीट लिहून ठेवलं पाहिजे. आईबाबा गेल्यापासून मीच तिला सांभाळतोय. ती आता सदतीस वर्षांची. घराच्या मागच्या दोन खोल्या तिने टुरिस्टना द्यायला काढल्या, त्याला पाच वर्षं झाली. होमस्टे. बुकिंग, स्वयंपाक, चादरी हे सगळं ती बघते. एकूण देखरेख माझी. म्हणजे शाळेतून आल्यावर मी ओट्यावर बसतो आणि टुरिस्टना समुद्र कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. लाटांचा आवाज येत असतो, तरी विचारतात.

आम्ही दोघंही लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. माझी थिअरी साधी आहे. प्रेम म्हणजे आपणच आपल्या गळ्यात दावं बांधून दुसरं टोक कोणाच्या तरी हातात देणं. विचारून उठा, विचारून बसा. दीपिकालाही मी लहानपणापासून हेच शिकवलं. बारा वर्षांपूर्वी वैभववाडीचं चांगलं स्थळ आलं होतं. तिने स्वतःहून नाही म्हटलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १.३०
काहीतरी गडबड आहे. जेवताना दीपिका हसली. ताटातल्या बांगड्याकडे बघून. काय झालं विचारलं तर म्हणाली, काय नाय, जेव तू.

बांगड्याकडे बघून कोण हसतं?

२० जानेवारी
बाबलीच्या टपरीवर चहा. बाबली माझा बालमित्र, त्यामुळे त्याला वाटतं की त्याला काहीही बोलायचा परवाना आहे. त्याला बांगड्याचं सांगितलं. म्हणाला, दीपिकाचा खंयतरी जमला दिसता रे.

मी मोठ्याने हसलो. टपरीवरून घर दोन मिनिटांवर आहे. आज पंचवीस मिनिटं लागली.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून घरी आलो. दीपिका कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, दादा, माका लगीन करूचा आसा. देवगडच्या गंगारामावांगडा.

गंगाराम! तो आंबेवाला! गेल्या मे महिन्यात टुरिस्टांसाठी हापूसच्या पेट्या घेऊन आला होता. त्याला घरात कोणी बोलावलं? मी. पंख्याखाली कोणी बसवलं? मी. दीपिका, पाणी आण गो, असं मीच ओरडलो होतो. त्याच्या पेटीतले एकवीस आंबे मी एकट्याने खाल्ले, तेव्हा हे दोघं ओट्यावर होते. मला वाटलं, रेटचं बोलतायत.

विचारलं, आहे काय त्याच्यात? वय बेचाळीस, केस पातळ, तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणाली, तेच्यावांगडा गप बसलंय तरी माका बरा वाटता. हा काय गुण झाला? आपण दोघं इतकी वर्षं गप बसूनच जेवतोय.

मी बजावलं की तुझं स्वातंत्र्य जाईल. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, दादा, तुजा स्वातंत्र्य म्हणजे तुका कोणी काय इचारूक नको. माजा म्हणजे माका जा होया ता माका सांगूक येवक होया.

वाक्य बरं आहे. पण कोथिंबीर निवडताना बोललेली वाक्यं मी सिरियसली घेत नाही.

संध्याकाळी ५.
घरापुढच्या खळ्यात सतरा फेऱ्या मारल्या. मग जेटीपर्यंत जाऊन आलो. मग परत जेटीपर्यंत. बसवतच नाही. चालण्याचा संकल्प आपोआप सुरू झाला, हे एक बरं झालं.

२ फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर शांत डोक्याने विचार केला. मला माझी काळजी अजिबात नाही. मी कुठेही, कसाही राहू शकतो. काळजी तिची. माझ्याशिवाय तिचं कसं होणार? कालवणात मीठ कमी पडलं की मी सांगतो. मासा एका बाजूने करपला की मी सांगतो. तिथे कोण सांगणार? तो तर बोलतच नाही.

उपाय सापडला. माणूस एकटा झकास राहू शकतो, त्याला प्रेमबीम लागत नाही, हे तिला प्रत्यक्ष दाखवायचं. उद्यापासून 'स्वावलंबन सप्ताह'. माझा चहा, माझे कपडे, माझं जेवण, सगळं मी.

३ फेब्रुवारी. सकाळी ७.०५
गॅस पेटेना. लायटर बदलला. पेटेना. काडीने बघितलं. नाही. सिलिंडर संपला तरी कोणी बघत नाही, काय हा कारभार, असं ओरडलो. दीपिका आली, खाली वाकली, रेग्युलेटर चालू केला आणि गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ फेब्रुवारी
वॉशिंग मशीन. माझे चार पांढरे शर्ट, त्यात टुरिस्टचा एक लाल टॉवेल. शाळेत गुलाबी शर्टात गेलो. दहावी ब ने टाळ्या वाजवल्या. रंग तसा वाईट नाही. उद्याही तोच. दुसरा इलाज नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९
दीपिका गंगारामाच्या आईला भेटायला देवगडला निघाली. घरात पुण्याचे चार टुरिस्ट. मी म्हटलं, खुशाल जा, यांचं जेवण मी बघतो. दारात थांबली, वळून बघितलं, म्हणाली, तुज्यान होवचा नाय दादा, सुभद्रा काकीक सांगान जावू? सुभद्रा काकी शेजारची. तिला कशाला! बांगड्याच्या तिखल्यात आहे काय एवढं?

दुपारी २
तिखलं झालं. तिरफळं, तो माशातला झणझणीत मसाला, किती घालायची ते आठवेना. वास आला पाहिजे म्हणून मूठभर घातली. नीट लागावीत म्हणून बारीक कुटून.

दुपारी ३
पुण्याच्या बाई म्हणतात, ओठ कुठे आहेत ते कळत नाही. त्यांच्या मिस्टरांनी बोलायचा प्रयत्न केला. खूप वेळ केला. मी समजावलं की ही आमच्याकडची पद्धत आहे.

संध्याकाळी ६
त्यांनी ऑनलाइन लिहिलंय. 'निसर्ग उत्तम. जेवणानंतर दोन तास जीभ नव्हती. मालक ओट्यावरून हलत नाहीत.' एक स्टार.

साफ अन्याय! आज दिवसभरात मी ओट्यावरून कमीत कमी चाळीस वेळा उठलो.

दीपिका आली, तिने वाचलं आणि हसता हसता खालीच बसली. मग उठून त्या बाईंना सोलकढी करून दिली, आणि मला भात वाढला. सप्ताह सहाव्या दिवशी यशस्वी झाला असं मानून समाप्त केला.

२३ फेब्रुवारी
काल मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत गेलो होतो. देवीच्या दर्शनाला. दीपिका आणि गंगाराम तिथे होते हा योगायोग. मी त्यांच्या मागे तीन तास होतो हाही योगायोग. गर्दीत मध्येच दोघं दिसेनासे झाले. मी मान उंच करून शोधतोय, तोच मागून खांद्यावर हात. गंगाराम. खाज्याची पुडी पुढे केली. पुडी नाकारणं असभ्यपणाचं दिसलं असतं, म्हणून खाल्लं. खाज्यातलं आलं चांगलं होतं.

तिला पोचवायला आला तेव्हा मी आतून बघितलं. खळ्याच्या पायरीवर दोघं अर्धा तास बसले. एक शब्द नाही. मी घड्याळ लावून बघितलं.

२ मार्च, रविवार. दुपारी ४
गंगाराम त्याच्या काकांना घेऊन तारीख ठरवायला आला. मी तयारीत होतो.

देवगडचा आंबेवाला एप्रिल-मेमध्ये सख्ख्या माणसाच्या मर्तिकालाही उशिरा पोचतो. वर्षाची सगळी कमाई त्या आठ आठवड्यांत. तोडणी, पेट्या, मुंबईच्या गाड्या, झोप नाही. मी घसा साफ करून सांगितलं की आमच्या घराण्यात लग्न मेच्या पहिल्या रविवारीच लागतं, पिढ्यान्‌पिढ्या. ४ मे. जमत नसेल तर पुढच्या वर्षी निवांत बघू. (अशी काही प्रथा नाही. सकाळी कॅलेंडर बघून काढली.)

काकांचा चेहरा उतरला. मला आतून गुदगुल्या. गंगारामाने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग मान डोलावून म्हणाला, चलात.

काका म्हणाले, अरे, आंबो! गंगाराम म्हणाला, आंबो काय, दरवर्सा येता.

दीपिका दारात उभी होती. तिने ऐकलं. पदराने डोळे पुसले आणि आत गेली. आतापर्यंत तिने तो आवडतो असं म्हटलं होतं. आज ज्या नजरेने तिने त्याच्याकडे बघितलं ती मी कधी बघितली नव्हती. आणि हे सगळं मी घडवून आणलं.

खुलासा: लग्नाची तारीख मीच ठरवली आहे. म्हणजे सूत्रं अजून माझ्याच हातात आहेत.

१५ मार्च
शिमग्याचा ढोल. डोकं दुखतंय. दिवसाला चार वेळा जेटी. एका जागी दहा मिनिटं बसता येत नाही. ऑफिसात एकाच विद्यार्थ्याचे दोन दाखले काढले, दोन वेगळ्या जन्मतारखांचे. वजन तीन किलो उतरलं. कोणी विचारलं तर फिटनेस म्हणून सांगतो.

बाबली म्हणाला, तूच लगीन कर मरे. मी म्हटलं, बहिणीसाठी मी तीन मुली नाकारल्या. बाबली म्हणाला, खंयच्यो तीन? एकीचो निरोप मीच घेवन इल्लंय, तिनाच तुका नाय म्हटल्यान. दुसरीच्या बापाशीन तुका बघल्यान आणि मोटारीतसून उतराकच नाय.

बाबलीची स्मरणशक्ती पार गेलीय. बिचारा चहात साखरही दोनदा घालतो.

१ एप्रिल. सकाळी १०.१५
पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका देवाला. रविवारी ग्रामदेवाच्या देवळात ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं.

आणि मला सुचलं! कसं सुचलं नाही इतके दिवस?

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकजण देवासमोर उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. काय मागितलं हे ऐकून कोणी म्हणत नाही. एक वाक्य संपलं की तोंडातून येतंच. आणि एकदा चारचौघांत देवाच्या कानावर घातलं की ते परत घेता येत नाही. गाऱ्हाणं नाना मानकरी घालतात. पण नानांचे परवा दात काढलेत. त्यांनी मलाच सांगितलं, जितू, औंदा तू घाल, तुजो आवाज बरो.

तर मी मध्येच म्हणायचं: पण ही सोयरीक घायेची होता, एक वर्स थांबव रे म्हाराजा. सगळी वाडी म्हणणार, व्हय म्हाराजा. संपलं! साक्षात देव, आणि सत्तर माणसं साक्षीला. दीपिकासुद्धा सवयीने म्हणून जाईल.

एक वर्षात किती काय होऊ शकतं. तिला समज येईल. गंगाराम आणखी टकला होईल.

५ एप्रिल
वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं. समुद्रावर जाऊन अकरा वेळा म्हणून बघितलं. एक कुत्रा ऐकत होता. त्याला पटल्यासारखं वाटलं. बाबलीला विश्वासात घेतलं. त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, घाल मेल्या, घाल.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ११.४०
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

देऊळ भरलेलं. सगळे हात जोडून. चिठ्ठी माझ्या तळहातात. मी सुरू केलं. बा देवा म्हाराजा! मागून, व्हय म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे गोळा झाली हत म्हाराजा! व्हय म्हाराजा! माज्या भयणीची, दीपिकाची, सोयरीक देवगडच्या गंगारामावांगडा ठरली आसा म्हाराजा! व्हय म्हाराजा!

इथे 'पण' यायचा होता. मी तोंडही उघडलं. पण गाऱ्हाण्याला एक चाल असते. लहानपणापासून ऐकत आलोय. उतारावर सायकल सोडली की ती सायकलच जाते, आपण नुसते वर बसलेले असतो. सोयरीक ठरली आसाच्या मागून जे यायचं तेच माझ्या तोंडातून आलं. ती सुखासमाधानान पार पडांदे रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

मला घाम फुटला. थांबायचं होतं. सत्तर माणसं पुढच्या वाक्याची वाट बघत होती. तेंचो संसार सोन्यासारखो होवंदे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आता तरी थांब, असं मी स्वतःला म्हणत होतो, आणि माझा आवाज आणखी चढत होता. आणि ह्या कार्यात जो कोण आडवो येयत, जो कोण मनात वाकडा धरीत, तेका सरळ कर रे म्हाराजा!

देऊळ दणाणलं. व्हय म्हाराजा! सगळ्यात मोठ्याने बाबली.

नाना मानकरी बिनदाताचे म्हणाले की दहा वर्षांत असं गाऱ्हाणं ऐकलं नाही. दीपिकाने सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, दादा, माका वाटलेला तू मनापासून नाय. आता माका कसलीच काळजी नाय.

मी मूठ मिटली. चिठ्ठीची शाई हाताला लागली होती.

८ एप्रिल
ओट्यावरून पाय घसरून पडलो. गुडघा. देव इतक्या लवकर मनावर घेतो हे माहीत नव्हतं.

२० एप्रिल. दुपारी १२.३०
दीपिकाचं आणि माझं वाजलं. कारण होमस्टे. तिने एक मेपासून बुकिंग बंद केलं. गंगारामाच्या बागेत दोन खोल्या बांधल्यात, तिथे सुरू करणार. गादी, ताटं, बोर्ड, टुरिस्टसुद्धा तिकडे. मी म्हटलं, म्हणजे त्याच्या जागेत, त्याच्या मर्जीने. म्हणाली, जागा तेची, काम माजा. तेना माज्या कामात हात घातल्यान तर तेचोसुद्धा हात आडयतलंय.

मी म्हटलं, वैभववाडीच्या स्थळाला नाही म्हणालीस, तेव्हा तुझी तत्त्वं होती. ती कुठे गेली?

ती हातातलं काम ठेवून समोर येऊन बसली. म्हणाली, खंयची तत्त्वां? माका तो आवाडलेलो. आये जावन वर्स झाला नव्हता. तू जेवणावरसून उठलंस की ताट थयसरच ठेवायस, आणि मी ता उचलीसर तसोच दारात बघत उभो रवायस. तू एकटो रवशीत कसो, म्हणान नाय म्हटलंय मी. बारा वर्सां झाली तेका.

लग्नाचा ताण आला की माणूस काहीही बोलतो. विषय वाढवला नाही. जेटीवर गेलो. गुडघा दुखत होता तरी तीन वेळा गेलो.

४ मे, रविवार. संध्याकाळी ६.४५
लग्न झालं. व्यवस्था उत्तम होती. निघताना दीपिका रडली. माझ्या डोळ्यांत होमाचा धूर गेला होता. होम सकाळी होता, पण काही धूर उशिरा लागतात.

गंगाराम आज बोलला. म्हणाला, दादानू, येवा कधीतरी. तीन शब्द. तो मनुष्य तसा वाईट नाही, असं एक क्षण वाटलं. थकवा असेल.

५ मे. सकाळी ८
स्वातंत्र्य! घरात मी आणि मीच. विचारणारं कोणी नाही. कुठे जातोस, कधी येतोस, जेवलास का, काही नाही. हेच तर मी चव्वेचाळीस वर्षं सांगत होतो.

सकाळी १०
विचारणारं खरंच कोणी नाही.

६ मे
सुभद्रा काकी डबा घेऊन आली. तत्त्वासाठी परत पाठवला. अर्ध्या तासाने मीच कुंपणावरून विचारलं, संपला का. होता थोडा.

८ मे
घर फार मोठं आहे. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. आतल्या खोलीत बोललं की आवाज फिरतो. मी एकटा बोलत नाही. फक्त आवाज तपासून बघितला.

उन्हाळ्याची सुट्टी आहे, ऑफिसात काम नाही, तरी रोज जातो. शिपायाने विचारलं, साहेब, घराक काम नाय? त्याला मेमो काढणार होतो.

९ मे
दीपिकाचा मंगळवारपासून फोन नाही. विचार केला. एकच अर्थ निघतो. ती इतकी दुःखी आहे की बोलवत नाही. माझी बहीण, मला ओळखता येणार नाही का? अनोळखी घर, गप बसणारा नवरा, आंब्याची धूळ. रविवारी जाणार. बॅग भरली. तिला परत आणायचं झालं तर बरी. माझेही पाच दिवसांचे कपडे घेतलेत, तिला काही दिवस आधार लागला तर.

११ मे, रविवार. रात्री परत आल्यावर
देवगडला पोचलो तेव्हा दीपिका पेट्या भरण्याच्या शेडमध्ये होती. केसांत पेंढा. सहा बायकांमध्ये बसून इतक्या मोठ्याने हसत होती की मला आधी कळलंच नाही की हा तिचा आवाज. गंगाराम तिला विचारत होता, ही पेटी खंय ठेवू? ती सांगत होती. तो ठेवत होता.

मी दुःख शोधत होतो. डोळ्यांखाली बघितलं, आवाजात बघितलं. एकदा तिला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, सुखी आहेस ना. म्हणाली, व्हय रे. आणि लगेच विचारलं, बॅग कसली?

जेवलो. तिच्या हातचं. मीठ बरोबर होतं, मी काही बोललो नाही. जेवून उठलो, ताट उचललं, कुठे ठेवायचं ते कळेना, तसाच हातात घेऊन उभा राहिलो. आणि तोंडातून निघून गेलं. दीपा, माका घराक करमत नाय गो.

ती थांबली. माझ्या हातातलं ताट घेतलं. म्हणाली, माका ठावक आसा. मग म्हणाली, पण दादा, ह्या आता तुकाच बघूक होया. जवळ आली, शर्टावरचा पेंढा झटकला. मी रडलो. धूर नव्हता.

राहा म्हणाली नाही. गंगाराम स्टँडपर्यंत सोडायला आला. निघताना ती फाटकाशी उभी होती. ये हां दादा, म्हणाली. आणि मागून, येताना फोन करून ये.

फोन करून.

१४ मे
सुभद्रा काकीकडे जाऊन भात शिकलो. पाणी बोटाच्या पेराने मोजायचं. पहिला भात पेज झाला. दुसराही पेज झाला. काकी म्हणाली, मग पेजच खा.

१८ मे, रविवार. सकाळी ८.१०
मालवण स्टँड. बॅग सोबत. देवगडची गाडी ८.३५ ला. सांगितल्याप्रमाणे फोन केला. वाजत राहिला. उचलला नाही.

८.३५
परत केला. नाही. गाडी लागली. कंडक्टरने विचारलं, येतास काय? नाही म्हटलं. फोन झाल्याशिवाय जायचं नाही.

९.१५
गंगारामाने उचलला. एकदम हळू आवाजात. म्हणाला, ती निजली आसा. मी घाबरलो, तब्येत बरी आहे ना? म्हणाला, बरी आसा. निजली आसा. उठवू काय?

मी स्टँडच्या बाकावर बसलो. दीपिका सव्वानऊपर्यंत झोपलेली मला आठवत नाही. एकदाही नाही. आईचं दुखणं होतं तेव्हा नाही, बाबांचं पथ्य होतं तेव्हा नाही, मग टुरिस्टांचा नाश्ता, आणि सगळ्यांच्या आधी माझी पेज. ती किती वाजता उठायची हेसुद्धा मला माहीत नाही. मी उठायचो तेव्हा ती उठलेलीच असायची.

गंगाराम तिकडे गप. त्याने घाई केली नाही. मीही थोडा वेळ गप बसलो.

नको म्हटलं. झोपू दे तिला.

सकाळी १०
घरी आलो. सुभद्रा काकी कुंपणाशी होती. म्हणाली, रे, देवगडाक जातलंस होतंस मां? सांगितलं, दीपिका झोपली आहे. काकी म्हणाली, आजून? मी म्हटलं, हो, अजून. मग आत येऊन बॅगेतले कपडे कपाटात ठेवले आणि भाताला पाणी ठेवलं.